क्लच नवा, पण लिव्हर लुळा

बाईकच्या क्लच प्लेटा बदलल्या, कव्हर बसवलं, बोल्ट कसले, हात पुसून ऐटीत लिव्हर दाबला तर तो सरळ जाऊन ग्रिपला टेकला. वजनच नाही त्याला. केबलच्या पलीकडच्या टोकाला काही बांधलेलंच नाहीये असं वाटत होतं, आणि सोडला तरी तसाच लोंबतोय.

पहिला संशय अर्थातच केबलवर. लिव्हरजवळचा अडजस्टर बाहेर काढत गेलो, मग खालचा इंजिनजवळचा पण काढला, आटे संपत आले तरी ढिल आहे तेवढीच. इथंच थांबून डोकं चालवायला पाहिजे होतं पण मी काय केलं तर नवी केबल आणली, टाकीखालून ओवली, दोन्ही टोकं अडकवली आणि परत दाबून बघितलं, सेम टू सेम.

मग चहा घेत बसलो आणि नीट विचार केला. माझ्या बाईकचा क्लच पुशरॉडवाला आहे, म्हणजे डाव्या बाजूला केबल आर्म फिरवते, तो आर्म गिअरबॉक्सच्या पोकळ शाफ्टमधून जाणारा रॉड ढकलतो, आणि रॉड उजवीकडच्या प्रेशर प्लेटला (स्प्रिंगांच्या जोरावर क्लच प्लेटा दाबून धरते ती) आतून बाहेर ढकलतो. आता या प्रकारात प्लेटा झिजल्या की प्रेशर प्लेट आत सरकते, रॉडच्या जवळ येते आणि लिव्हरचा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, कमी होतो, बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं. मग नव्या जाड प्लेटा टाकल्यावर ती रॉडपासून लांब जाणारच ना. एका फ्रिक्शन प्लेटमागे 0.2 मिलिमीटर फरक धरला तरी सहा प्लेटांचे 1.2 मिलिमीटर झाले, आणि अख्खा लिव्हर दाबल्यावर प्रेशर प्लेट उचलते तीच मुळात दोनेक मिलिमीटर! एवढी ढिल केबलच्या अडजस्टरने भरून काढायची नसतेच, त्यासाठी आर्मच्या इथं वेगळा स्क्रू आणि लॉकनट दिलेला असतो (सगळ्या बाईकना नसतो, माझ्या बाईकला आहे).

म्हटलं सापडलं. दोन्ही अडजस्टर परत आत घेतले, लॉकनट सैल केला आणि स्क्रू हलक्या हाताने आत फिरवायला लागलो. रॉडला टेकला की हाताला बरोब्बर कळतं, तिथून साधारण पाव आटा मागे घ्यायचा, बास. पण हा टेकेचना. फिरतोय, फिरतोय, आत चाललाय आणि हाताला काही लागतच नाही. तेव्हा पोटात गोळा आला, कारण याचा अर्थ एकच, आत काहीतरी बसवायचं राहिलंय.

परत कव्हर उघडलं. बाईक साइड स्टँडवर डावीकडे कललेली असल्यामुळे ऑइल काढावं लागलं नाही, तेवढंच बरं, गॅस्केट मात्र फाटला. आधी वाटलं प्रेशर प्लेट हबच्या (प्लेटा ज्यावर बसतात तो मधला भाग) दातांवर वरच्या वर टेकलीय की काय, कारण तसं झालं तर प्लेटा दाबल्याच जात नाहीत आणि स्प्रिंगचे बोल्ट कसत राहिलं तर हब तुटू शकतो. पण नाही, ती छान बसली होती. मग स्प्रिंगा काढल्या, प्रेशर प्लेट काढली, मधला छत्रीसारखा छोटा रॉड काढला आणि भोकात बॅटरी मारली. लांब रॉडचं टोक खोल आत चमकत होतं. या दोघांच्या मध्ये एक स्टीलचा छर्रा असतो. तो नव्हता.

दोन तास जमीन झाडली, चिंध्या झटकल्या, ट्रे पालथे घातले. शेवटी सापडला तो मॅग्नेटच्या काडीवर! उघडताना रॉड वाकलाय का ते काचेवर लोळवून बघायला मी त्या काडीनेच सगळं बाहेर ओढलं होतं, तेव्हा छर्रा टोकाला चिकटला आणि काडी तशीच टूलबॉक्समध्ये गेली. काळ्या ऑइलमध्ये माखलेला, वाटाण्याएवढा. कॅलिपर लावला तर 8 मिलिमीटर. आणि मी 8 मिलिमीटरची ढिल केबलने काढत होतो 😂

ग्रीस लावून छर्रा आत सोडला, छत्री बसवली, स्प्रिंगचे बोल्ट आलटून पालटून समोरासमोरचे थोडे थोडे कसले, नवा गॅस्केट. कव्हर लावायच्या आधी या वेळी लिव्हर दाबून बघितला, प्रेशर प्लेट चारी बाजूंनी सारखी उचलली. स्क्रू टेकला, पाव आटा मागे, लॉकनट, आणि लिव्हरच्या टोकाला साधारण 15 मिलिमीटर प्ले ठेवला. लिव्हर दाबून पहिला गिअर टाकला, खट्ट, बाईक जागची हलली नाही.

नव्या प्लेटा बसतील तसा प्ले अजून कमी होणार, आणि तो पार संपला तर क्लच स्लिप मारायला लागेल, म्हणून दोनेकशे किलोमीटरनंतर परत बघणारे. जुनी केबल गुंडाळून ठेवलीय, बिचारीची काही चूक नव्हती.