अण्णांचा सोमवार

"फुंका, फुंका, फुंका... अजून, अजून, थांबू नका, अजून!"

दिवसातून साठ-सत्तर वेळा तरी मी असं ओरडते. एका सरकारी रुग्णालयात स्पायरोमेट्रीचं मशीन माझ्या ताब्यात आहे, गेली सत्तावीस वर्षं. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, छाती भरून श्वास घ्यायचा आणि निदान सहा सेकंद तो सगळा जोरात बाहेर सोडायचा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, एकूण किती पडली, एवढं मशीन सांगतं. नळ्या कुठे आवळल्यात ते त्यावरून कळतं. कशानं आवळल्यात ते मात्र माणसालाच विचारावं लागतं.

गेल्या महिन्यात मालेगावचा एक माणूस आला होता. वय पंचेचाळीसच्या आसपास, कुर्ल्याला बहिणीकडे उतरलेला. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'मजुरी' लिहिलेलं. मजुरी म्हणजे काय, कोणती, कुठे, हे मी विचारतेच. तो म्हणाला, कापसाचं वेस्ट मोकळं करायच्या मशीनवर. सूत, चिंध्या, उरलासुरला कापूस फाडून पुन्हा रुई करायची, तिथे. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "हफ्ते में कौनसे दिन सबसे ज्यादा तकलीफ होती है?"

तो लगेच म्हणाला, "शनीचर."

माझ्या डोक्यात सोमवार इतका पक्का बसलेला की क्षणभर मला कळलंच नाही. मग लक्षात आलं. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. त्याचा शनिवार म्हणजे माझ्या अण्णांचा सोमवार.

अण्णा १९६१ साली पाटण तालुक्यातून मुंबईला आले, बावीस वर्षांचे. आधी बदली कामगार, मग कायम. लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात. ज्यांनी गिरणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. गाठी फोडून कापूस ब्लो रूममध्ये झोडपला जातो, तिथून तो कार्डिंगला येतो. कार्डिंगच्या यंत्रावर बारीक तारांचे दात असलेला मोठा ढोल फिरतो, कापूस विंचरला जातो, तंतू सरळ होतात आणि कचरा सुटा होतो. त्या कचऱ्यात पानांचा, बोंडाखालच्या पाकळीवजा पात्यांचा चुरा असतो. तारांचे दात वरचेवर साफ करावे लागायचे. ते काम अण्णांचं. भोंगा होऊन घरी आले की भुवया, कानावरचे केस, सगळं पांढरं. आम्ही भावंडं त्यांना 'म्हातारा आला, म्हातारा आला' म्हणून चिडवायचो आणि ते खोटंखोटं कंबर वाकवून चालायचे.

केसांवर दिसायची ती रुई फारशी घातक नसते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. घातक ती न दिसणारी. अमेरिकेत सूतगिरण्यांतली धूळ मोजायची पद्धत ठरली तेव्हा साधारण पंधरा मायक्रॉनपेक्षा बारीक कणच धरले गेले, कारण तेच खोलवर उतरतात. अण्णा तोंडाला फडकं बांधायचे. आईच्या जुन्या लुगड्याचं, दुहेरी घडीचं. आई ते रोज धुवायची आणि रोज ते पिवळट व्हायचं, म्हणून आम्हाला वाटायचं की सगळी घाण त्यातच अडकली.

सोमवारची रात्र आमच्या खोलीत वेगळी असायची. अण्णा आडवे होऊ शकत नसत. भिंतीला उशी लावून बसायचे, हात गुडघ्यांवर. "छाती आवळून आल्यागत होतंय," म्हणायचे. ताप नाही, सर्दी नाही. मंगळवारी जरा कमी. बुधवारी-गुरुवारी जवळपास ठीक. रविवारी तर चाळीच्या गच्चीवर पत्ते खेळायला जायचे. पुन्हा सोमवार आला की तेच.

आईचं म्हणणं, हे उपासानं होतंय. अण्णांचा शंकराचा सोमवार असायचा, दिवसभर शेंगदाणे आणि चहा. रिकाम्या पोटी एवढं काम, मग छातीत वारा धरणारच. शेवटी तिनं हट्टानं त्यांचा उपास सोडवला. शंकराला नवस बोलून, क्षमा मागून, सोमवारी डबा भरून दिला. दोन-तीन महिने पाहिलं. छाती आवळायची ती आवळतच राहिली. मग तिनं उपास परत सुरू करू दिला, म्हणाली, "देवाचा दोष न्हाई त्यात." माझी आई चौथी शिकलेली. कारण काढून टाकून परिणाम टिकतो का ते बघायचं, हे तिनं आपल्या बुद्धीनं केलं होतं. मला तिचा फार अभिमान वाटतो.

गिरणीच्या पॅनेल डॉक्टरकडे अण्णा जायचे. आधी खोकल्याचं औषध. मग एक्स-रे. एक्स-रे स्वच्छ. तरी एकदा टीबीच्या गोळ्या चालू झाल्या, काही महिन्यांनी बंद झाल्या. पुढे चिठ्ठीवर 'जुनाट ब्राँकायटिस, बिडी ओढतो' असं आलं आणि ते तसंच चिकटून राहिलं. त्यातल्या कुणीही त्यांना विचारलं नाही की कोणत्या वारी जास्त होतं.

खरं तर या आजारात तोच प्रश्न मुख्य. बायसिनोसिस, म्हणजे कापसाच्या धुळीनं होणारा फुप्फुसांचा आजार, त्यात एक्स-रेवर ओळखता येईल अशी खूण नसते. दगड-वाळूच्या धुळीनं होणाऱ्या सिलिकोसिसमध्ये असते, यात नाही. १९५०च्या दशकात मँचेस्टरला रिचर्ड शिलिंग नावाच्या डॉक्टरांनी लँकेशरच्या गिरण्यांत फिरून कामगारांना प्रश्न विचारले आणि उत्तरांवरूनच आजाराच्या पायऱ्या लावल्या. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कधीमधी छाती आवळते, ही अर्धी पायरी. दर आठवड्याला पहिल्या दिवशी आवळते, पहिली. पहिल्या दिवशी आणि इतर दिवशीही, दुसरी. आणि त्यासोबत फुप्फुसांची ताकद कायमची गेलेली, तिसरी. मी हे पहिल्यांदा वाचलं ते प्रशिक्षणात, एका दुपारी, ग्रंथालयात. अण्णा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. पायऱ्या वाचता वाचता मी आमच्या खोलीतली भिंतीला लावलेली ती उशी पाहत होते.

त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८४५ मध्ये, बेल्जियममधल्या गेंट शहरात मारेस्का आणि हेमान या दोन डॉक्टरांनी सूतगिरणी कामगारांची पाहणी केली. धुळीचा त्रास आठवड्याच्या शेवटी कमी आणि सोमवारी-मंगळवारी जास्त, असं कामगारांनीच त्यांना सांगितलं होतं. ते वाचल्यावर मी खूप वेळ रागात होते. अजूनही राग येतो.

सोमवारीच का, याचं उत्तर कापसाच्या कचऱ्यात आहे. त्या वाळक्या पात्यांवर जिवाणू वाढतात. ते मेले तरी त्यांच्या आवरणातलं विष, एंडोटॉक्सिन, धुळीत राहतं. ते श्वासनलिकांना सुजवतं. रोज रोज तीच धूळ मिळाली की शरीर सरावल्यासारखं वागतं, त्रास उतरतो. एक दिवस सुटी मिळाली की तो सराव मोडतो आणि पहिल्या पाळीत पुन्हा झटका बसतो. कामाच्या जागी होणाऱ्या दम्यात बहुतेकदा याच्या उलट असतं, आठवडा सरकेल तसा तो वाढत जातो. म्हणून वार विचारायचा.

आणि मग १८ जानेवारी १९८२. संप.

डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले हे सगळ्यांना माहीत आहे. मी बारा वर्षांची होते. चार महिने मुंबईत काढून आम्ही गावाला गेलो. तिथे काय हाल झाले ते इथे लिहित नाही, ते कित्येकांनी लिहिलंय. मला एकच सांगायचंय. गावात अण्णा झोपू लागले. आडवे, पाठीवर, रात्रभर. सोमवार कधी आला आणि गेला ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. खोकला निम्म्यानं उतरला. डोंगरावरच्या वस्तीवर जाताना मात्र पूर्वीसारखं एका दमात जमत नसे, दोनदा टेकायचे. आजी म्हणायची, गावच्या हवेचा गुण आहे.

बिड्या गावातही चालूच होत्या. उलट काम नव्हतं, पैशाची काळजी होती, म्हणून जास्तच. बिडीनं काही झालं नाही असं मी म्हणणार नाही. रोज मी बिडीनं पोखरलेली फुप्फुसं पाहते. अण्णांच्या छातीचं किती नुकसान कापसानं केलं आणि किती बिडीनं, याचा हिशेब मला आजही मांडता येत नाही. पण गावात बिडी वाढली आणि सोमवार गेला, एवढं मला स्पष्ट आठवतं.

१९८३च्या दसऱ्यानंतर त्यांना परत कामावर घेतलं. पुष्कळांना घेतलं नाही, म्हणून घरात पेढे आणले होते. पहिल्या दिवशी पाळी संपवून आले ते दारातच बसले. आईनं चप्पल काढली त्यांच्या पायातली. ओठ निळसर झालेले. "सवय मोडलीय," एवढंच म्हणाले.

ही सगळी वर्षं, आमच्या चाळीपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास करत होते. पाच वर्षं त्याच त्या कामगारांना पुन्हा पुन्हा तपासून बायसिनोसिस आणि नेहमीचा जुनाट श्वसनविकार वेगळा कसा ओळखायचा, हे त्यांनी पाहिलं. तो निबंध १९८१ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यातले कामगार अण्णांसारखेच, कदाचित आमच्याच गल्लीतले. म्हणजे संशोधन परळला झालेलं होतं. ते परळहून लालबागच्या दवाखान्यात काही पोचलं नाही.

कायद्यातही नाव होतं. १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात कापसाच्या धुळीचा हा आजार होता. १९४८च्या फॅक्टरी कायद्याच्या यादीतही होता, आणि त्या यादीतला आजार दिसला तर डॉक्टरनं कळवायचं असायचं. पण चिठ्ठीवर 'बिडी' लिहिलं की कळवायला काही उरत नाही. अण्णांनी १९९० मध्ये राजीनामा दिला, हिशेब घेतला. अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. अर्ज कुणी केलाच नाही, कारण अर्जात काय लिहायचं ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

गुळाबद्दल लिहायचं राहिलं. अण्णा पाळी सुटली की गुळाचा खडा चघळायचे, खात्यातले सगळेच. गूळ खाल्ला की घशातली रुई उतरते म्हणायचे. मी शिकल्यावर हे सगळं खोटं मानत होते. मग एकदा कळलं की लखनौच्या इंडस्ट्रियल टॉक्सिकॉलॉजी रिसर्च सेंटरमध्ये खरोखरच याचा प्रयोग झालाय. उंदरांना कोळशाची आणि सिलिकाची धूळ देऊन काहींना गूळ दिला, तर गूळ दिलेल्यांच्या फुप्फुसांतून कण अधिक सरकले असं दिसलं. १९९४ मध्ये ते छापून आलं. कापसाच्या धुळीचा तो प्रयोग नव्हे आणि माणसांवरचाही नव्हे. बायसिनोसिसवर गूळ उपाय आहे असं कुणी त्यावरून समजू नये. मला बरं वाटलं ते एवढ्यासाठी, की कुणीतरी कामगारांचं बोलणं ऐकून तपासून पाहावंसं मानलं.

उपाय यंत्रापाशीच करावा लागतो. अमेरिकेनं १९७८ मध्ये सूतकताईच्या खात्यांसाठी घनमीटरला २०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९८१ मध्ये हरले. यंत्रं झाकली, धूळ जागच्या जागी ओढून घेणारे पंखे बसवले, आणि तिथला हा आजार झपाट्यानं कमी झाला. फडक्यानं झालं नसतं ते.

मालेगावच्या त्या माणसाकडे परत येते. त्याच्या नळ्या आवळलेल्या आहेत, औषधानं काही अंशी मोकळ्या होतात. पण खरं तपासायचं तर सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळीच्या आधी आणि पाळी संपल्यावर फुंकायला लावायला हवं. माझं मशीन मुंबईत, त्याचं काम मालेगावात. आमच्या डॉक्टरांशी बोलले. त्यांनी त्याला पीक फ्लो मीटर घ्यायला लावलं. प्लॅस्टिकची साधी नळी असते, काही शे रुपयांची, फुंकलं की काटा सरकतो. मी त्याला तीनदा करून दाखवलं, त्याच्याकडून करून घेतलं. एका शाळकरी वहीत सात वारांचे रकाने आखून दिले. रोज कामाला जाताना आणि कामावरून आल्यावर तीन-तीन वेळा फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. शुक्रवारीसुद्धा. त्याची मुलगी नववीत आहे, ती लिहिते.

परवा तिनं वहीच्या तीन आठवड्यांच्या पानांचे फोटो पाठवले. अक्षर सुंदर आहे, आकड्यांच्या खाली पट्टीनं रेघा मारल्यात. शुक्रवारी सकाळ-संध्याकाळ जवळपास सारखं. शनिवारी संध्याकाळी, तीनपैकी दोन आठवडे, आकडा सकाळपेक्षा चांगलाच खाली. बुधवार-गुरुवारपर्यंत फरक थोडा. उरलेल्या एका शनिवारी दोन्ही आकडे सारखे होते, मी फोन करून विचारलं. ती म्हणाली, त्या दिवशी लाइट नव्हती, मशीन बंद होतं.

त्या रकान्यात तेही लिहून ठेव म्हटलं. पुढच्या महिन्यात वही घेऊन दोघं येणार आहेत. शुक्रवारी.