गोराईतली दोनशे पिल्लं

माझा दवाखाना बोरिवलीत. दिवसभर येतात ती कुत्री-मांजरं, मधूनच एखादा पोपट. कोंबड्या क्वचितच. गोराईच्या एका महिला बचत गटाच्या अध्यक्षबाईंचा सकाळी सकाळी फोन आला, "डॉक्टर, पिल्लं पटापट मरतायत, काहीतरी औषध सांगा ना." मी म्हटलं, "मावशी, औषध नंतर. आधी मेलेली पिल्लं खाडीत टाकू नका. आजची वेगळी, कालची वेगळी ठेवा आणि बर्फात ठेवा. फ्रीझरमध्ये नको. मी येते."

फ्रीझरमध्ये पिल्लू गोठलं की पेशी फुटतात, मग आत काय बिघडलं होतं ते नीट कळत नाही. बर्फाला मात्र त्या गावात तोटा नाही. जेट्टीवरून बोटीनं पलीकडे पोचले तेव्हा मासळीची थर्माकोलची पेटी तयार होती. वर बर्फाचा चुरा, खाली प्लास्टिकच्या पिशव्यांत पिल्लं, पिशवीवर कोळशानं लिहिलेली तारीख.

दोनशे पिल्लं आणली होती, चार दिवसांपूर्वी, एक दिवसाची. चाळीसच्या वर मेली होती. गटानं बँकेचं कर्ज काढून केलेला हा पहिलाच धंदा. घरात कोणी काही बोलत नव्हतं, पण हवा तापलेली कळत होती. अध्यक्षबाईंची सून, विशी-बाविशीची, दाराला टेकून उभी होती. रात्रपाळी तिच्याकडे होती. जावा, शेजारणी, सगळ्यांचं एकच म्हणणं, हिला झोप लागली असणार, बल्ब गेला असणार, पिल्लं गारठली असणार. पिल्लं विकणाऱ्यानंही फोनवर तेच सांगितलं होतं, "ब्रूडिंग नीट केलं नसेल तुम्ही." ब्रूडिंग म्हणजे पिल्लांना ऊब देणं. पहिल्या आठवड्यात पिल्लं मेली की विकणारे हे वाक्य हमखास ऐकवतात. नवखा माणूस मान खाली घालतो, कारण आपलं काहीतरी चुकलं असेल असं त्यालाही वाटतच असतं.

जाळी ठेवायची जुनी खोली रिकामी करून, चुना मारून पिल्लांसाठी केली होती. खाली भाताचा तूस, भोवती पत्र्याचा गोल चिक गार्ड, वर बल्ब. मी आत जाऊन एका कडेला बसले आणि कशालाही हात न लावता नुसती बघत राहिले. पिल्लं स्वतःच सगळं सांगतात, आपण घाई केली नाही तर. थंडी वाजत असेल तर बल्बखाली एकावर एक चढतात आणि कर्कश ओरडतात. उकडत असेल तर बल्बपासून लांब कडेला जाऊन, पंख पाडून, चोच उघडी टाकून धापा टाकतात. एकाच बाजूला गोळा झाली तर कुठूनतरी वारा येतोय असं समजायचं. इथे तसं काहीच नव्हतं. गोलभर पसरलेली, दाणे टिपणारी, हळू चिवचिवणारी पिल्लं. काही मलूल होती, पण ती उबेत असूनही मलूल होती.

एक-एक उचलून पाय माझ्या गालाला लावले. ऊबदार. गारठलेल्या पिल्लाचे पाय गालाला गार लागतात, त्याला थर्मामीटर लागत नाही. गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपली, बहुतेकांची भरलेली आणि मऊ. म्हणजे खाद्य मिळतंय, पाणीही मिळतंय.

"रात्री तापमान किती असायचं?" मी सुनेला विचारलं.

ती काही न बोलता आत गेली आणि शाळेची एक वही घेऊन आली. दर दोन तासांनी थर्मामीटरचा आकडा लिहिलेला. थर्मामीटर कुठे टांगला होता तेही विचारलं. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणाली, मोबाईलवर बघून. पहिल्या आठवड्यात तिथे 35 अंश सेल्सिअस लागतात, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत जायचं. वहीत 34, 35, 35, 33, 35. पहाटे चार वाजताची नोंदही होती. झोपलेल्या माणसाच्या वहीत पहाटे चारची नोंद नसते.

मग मी पिल्लं उलटी करून बघायला सुरुवात केली. सकाळपासून कोणी पोटाकडे पाहिलंच नव्हतं. मलूल असलेल्या जवळजवळ प्रत्येक पिल्लाची बेंबी उघडी होती, काळपट, ओली. काहींना सुकलेल्या दोऱ्यासारखा धागा लोंबत होता. पोट फुगलेलं, हाताला गिळगिळीत. चांगल्या पिल्लाच्या बेंबीवर बोट फिरवलं तर गुळगुळीत लागायला हवं आणि ती मऊ पिसांखाली झाकली जायला हवी.

अंगणात उलट्या क्रेटवर प्लास्टिक अंथरलं, मास्क आणि हातमोजे घातले, मुलांना लांब पाठवलं. कुठलाही पक्षी एकाएकी मरतो तेव्हा आमच्या डोक्यात पहिल्यांदा बर्ड फ्लू येतोच. 2006 साली नवापूरला तो भारतात पहिल्यांदा सापडला, 2021 च्या जानेवारीत मुंबईतच मेलेल्या कावळ्यांत निघाला. म्हणून शवाला हात लावायच्या आधी गावातल्या मोठ्या कोंबड्यांची चौकशी केली. सगळ्यांच्या घरच्या गावठी कोंबड्या ठणठणीत होत्या, अंडी देत होत्या, कावळे झाडावर होते. संशय घ्यावा असं काही असतं तर मी पुढे काहीच न करता पशुसंवर्धन खात्याला कळवलं असतं.

पहिलं पिल्लू उघडलं आणि वास आला. अंड्यातून बाहेर येण्याच्या सुमारास उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. ती आईनं बांधून दिलेली शिदोरी. तिच्यावर पिल्लू दोन-तीन दिवस अन्नपाण्यावाचून तगू शकतं, म्हणून तर एक दिवसाची पिल्लं पेट्यांत भरून लांबवर पाठवता येतात. आईनं मिळवलेली रोगप्रतिकारशक्तीही त्यातूनच येते. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या बलकाचा वाटाण्याएवढा गोळा उरायला हवा. इथे पोटभर पिशवी तशीच होती, आत पिवळ्या बलकाऐवजी हिरवट तपकिरी, पाण्यासारखा पातळ द्रव. भोवतीच्या आतड्यांना सूज. दुसरं पिल्लू तसंच, तिसरं तसंच. पहिल्या दिवशी मेलेल्यांतही तेच निघालं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटलं. इतक्या लवकर एवढा बिघाड गोराईच्या खोलीत होत नाही. जंतू शिरले होते ते उघड्या बेंबीतून, हॅचरीतच, म्हणजे अंडी उबवतात त्या ठिकाणी.

मी सुनेला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर दाखवलं. "हे बघ. तू अख्खी रात्र जागली असतीस किंवा घोरत पडली असतीस, ही पिल्लं मरणारच होती." अध्यक्षबाई पुढे आल्या, वाकून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पोरीचं काही चुकलं नाही." मी म्हटलं, "उलट बाकीची जगतील ती हिच्यामुळे." सून रडायला लागली. मला त्या क्षणी त्या विकणाऱ्या माणसाचा मनापासून राग आला. पैसे बुडतात, परत कमवता येतात, पण एका मुलीला चार दिवस घरात अपराधी करून ठेवायचं?

तिथूनच त्याला फोन लावला. आधी त्यानं मला ब्रूडिंग शिकवायला घेतलं. मी विचारलं, कुठल्या हॅचची, म्हणजे उबवणीच्या कुठल्या खेपेची पिल्लं? तारीख सांगेना. आई-बापांचा कळप कुणाचा? "माल दोन-तीन ठिकाणचा एकत्र करतो मॅडम, सीझनला कमी पडतो." म्हणजे हॅचरी याची नव्हतीच, हा व्यापारी. मरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस दिली का? "दिलेली असते." बाटलीचा बॅच नंबर? तो नव्हता. ही लस पहिल्याच दिवशी हॅचरीत मानेच्या कातडीखाली टोचायची असते, नंतर घरी देऊन उपयोग नाही. शेवटी म्हणाला, "शंभराला दोन जादा दिलीत ना आम्ही." जणू त्या दोनांत सगळं फिटलं.

हॅचरीत हे कसं होतं तेही सांगते. कोंबडीचं अंडं उबायला 21 दिवस लागतात. मळकी, शेण लागलेली अंडी फेकायच्या ऐवजी पुसून, धुऊन मशिनमध्ये लावली की कवचाच्या छिद्रांतून घाण आत शिरते. त्यातलं एखादं कुजून मशिनमध्ये फुटलं की शेजारच्या सगळ्यांवर जंतू उडतात. आणि शेवटच्या दिवसांत उष्णता किंवा दमटपणा प्रमाणाबाहेर गेला की बेंबी पूर्ण मिटतच नाही. बाहेरून पिल्लू गोंडस दिसतं. घेणारा तोंड बघतो, पोट बघत नाही.

मुंबईकरांना पिल्लं माहीत असतात ती बहुधा क्रॉफर्ड मार्केटजवळ किंवा स्टेशनबाहेर टोपलीत विकायला बसलेली, गुलाबी, हिरवी, रंगवलेली. ती बहुतेक अंड्यांच्या जातींचे नर असतात, हॅचरीला नको झालेले. दर सुट्टीत एखादं मूल असं पिल्लू बुटाच्या खोक्यात घालून दवाखान्यात आणतं, पिल्लू गार पडलेलं असतं आणि आई-वडील विचारतात, "कालपर्यंत छान होतं, काय झालं?" लिंबूटिंबू वयातल्या मुलाला मृत्यूची ओळख अशी करून देऊ नये. ती पिल्लं विकतच घेऊ नका, एवढंच मी प्रत्येक पालकाला सांगते.

गोराईत त्या दिवशी करण्यासारखं होतं ते केलं. जगण्याच्या पलीकडे गेलेली पिल्लं मी वेदना न होऊ देता संपवली. अशक्त पिल्लं वेगळ्या गोलात ठेवली, पाण्यात इलेक्ट्रोलाइट, बेंबीला आयोडीन. नमुने परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवले. मेलेली पिल्लं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली. बेंबीच्या आजारात औषधाचा उपयोग फार थोडा होतो हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं, खोटी आशा दिली नाही. अहवालात ई-कोलाय हा जंतू निघाला, साल्मोनेला नाही, हे नशीब. आठवडा संपेपर्यंत नव्वदच्या आसपास पिल्लं गेली, बाकीची तगली. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लासोटा लस सातव्या दिवशी द्यायची ती आजारी कळपाला द्यायची नसते, म्हणून थोडी पुढे ढकलली. फोटो आणि अहवाल दाखवून बराच तगादा लावल्यावर व्यापाऱ्यानं निम्मे पैसे परत दिले.

दुसऱ्या खेपेची पिल्लं कुणाकडून घ्यायची हे ठरवायला अध्यक्षबाई मला बरोबर घेऊन पालघर जिल्ह्यातल्या एका पैदास करणाऱ्याकडे गेल्या. त्यानं आम्हाला फाटकातच अडवलं. आज दुसऱ्या कुठल्या फार्मवर गेला होतात का, घरी कोंबड्या आहेत का, सगळं विचारलं. घरी कोंबड्या आहेत म्हटल्यावर शेडमध्ये घेतलं नाही, बाहेरून जाळीतून दाखवलं. आई-बापांचा कळप त्याचा स्वतःचा. त्यांची पुलोरमची, म्हणजे कोंबडीकडून अंड्यातून पिल्लात उतरणाऱ्या रोगाची, तपासणी करून घेतलेली, रक्ताचा थेंब रंगीत अँटिजेनमध्ये मिसळून गुठळ्या होतात का बघायचं, ती. रजिस्टरमध्ये प्रत्येक हॅचची नोंद: किती अंडी लावली, किती वांझ निघाली, किती पिल्लं कवचातच मेली. वाईट गेलेली हॅचही खोडलेली नव्हती. मी त्याच पानावर थांबून बराच वेळ वाचत होते.

मग त्यानं उलट तपासणी सुरू केली. आधीची पिल्लं अजून त्याच खोलीत आहेत? मग नवी देणार नाही. खोली रिकामी करा, जुना तूस जाळा, चुना मारा, निदान दोन आठवडे मोकळी ठेवा, मग फोन करा. अध्यक्षबाई चिडल्या. पैसे पदराला बांधून आलो आणि हा माणूस नाही म्हणतो! परतीच्या वाटेवर मी त्यांना म्हटलं, "मावशी, याच्याकडूनच घ्या. जो आज पिल्लं विकायला नकार देतो त्याला पुढच्या महिन्यातल्या तुमच्या मरतुकीची काळजी आहे."

त्यांनी तसंच केलं. नवी पिल्लं भाईंदर-उत्तनच्या रस्त्यानं टेम्पोतून आली. टेम्पोवाला घाईत होता, पण सुनेनं त्याला सही दिली नाही. पेटीतलं एक-एक पिल्लू तळहातावर उलटं करून, बेंबीवर बोट फिरवून तिनं खाली सोडलं. सहा बाजूला काढली आणि चलन दुरुस्त करून घेतलं. त्याच संध्याकाळी पैदास करणाऱ्याचाच तिला फोन आला. त्या सहा पिल्लांच्या पोटाचे फोटो पाठव म्हणाला, पेटीवरचा नंबरही दिसू दे. ती कुठल्या ट्रेमधून आली ते त्याला शोधायचं होतं.