इश्माएलचा देवमासा आणि आमची घारापुरी

मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डच्या व्हेलिंग म्युझियममध्ये दर जानेवारीत ‘मोबी डिक’ या कादंबरीचं अखंड वाचन असतं. शनिवारी दुपारी सुरू होतं ते रविवारी दुपारी संपतं, जवळजवळ पंचवीस तास. सप्ताहात वीणा खाली न ठेवता पुढच्याच्या गळ्यात देतात ना, तसा इथे दर काही मिनिटांनी वाचणारा बदलतो. जानेवारीच का, तर १८४१च्या जानेवारीत तिचा लेखक हर्मन मेलविल समोरच्या फेअरहेवनहून ‘अकुश्नेट’ बोटीवर देवमासे मारायला निघाला होता.

कादंबरीतला कप्तान अहाब पाय तोडणाऱ्या देवमाशावर सूडाने पेटलेला आहे. पण गोष्ट सांगणाऱ्या इश्माएलचं चित्त देवमाशातच अडकलेलं. त्याच्या कपाळावर एक प्रकरण, शेपटीवर एक. बत्तिसाव्यात तर तो देवमाशांची वर्गवारी पुस्तकांच्या आकारांवरून करतो. थोरले ते पोथीएवढे, धाकटे ते खिशातल्या गुटक्याएवढे. (हे प्रकरण कंटाळून सोडणारे पुष्कळ. मीही पहिल्यांदा सोडलं होतं.) शास्त्रज्ञ लिनिअसने १७५८मध्येच देवमाशाला सस्तन ठरवलं होतं, तरी १८५१ सालचा इश्माएल हटून बसतो: हा मासाच, आणि साक्षीला बायबलातला, माशाच्या पोटात गेलेला योना! मराठीत वाचणाऱ्याला हा वाद घालावाच लागत नाही. देव आणि मासा, त्याचे दोन्ही हट्ट आपण एका शब्दात पुरवून ठेवलेत.

पंचावन्नाव्या प्रकरणात मात्र मी ताडकन उठून बसले. देवमाशाचं सर्वांत जुनं चित्र कुठे, तर म्हणे घारापुरीच्या लेण्यात! तिथल्या भिंतीवर विष्णूचा मत्स्यावतार कोरलाय, पण शेपूट साफ चुकलंय, रुंद पंख्यासारखं हवं ते अजगरासारखं निमुळतं झालंय, अशी त्याची तक्रार.

मी उरणची. मोरा बंदरावर उभं राहिलं की घारापुरी समोर. लगेच आईला फोन लावला.

“अगो, तिथे तर शंकर आहे,” आई म्हणाली. “मासा कुठला?”

खरंच आहे. त्रिमूर्ती, अर्धनारीश्वर, गंगाधर, सगळा शिवाचाच दरबार. मेलविल हिंदुस्थानात कधी आला नाही. हे सगळं वाचीव ज्ञान.

“म्हणजे नसलेल्या मूर्तीच्या शेपटाला नावं ठेवतोय?” आईला हसू आवरेना.

पुढे ब्याऐंशीव्या प्रकरणात तर तो, देवमाशाच्या रूपात बुडी मारून वेद वर आणले म्हणून, विष्णूलाही देवमासे मारणाऱ्यांच्या बिरादरीत ओढतो. आपल्या धंद्याला कुळ हवं, मग कुळात देवही चालतात. मला त्याची भक्ती इथे जरा संशयास्पद वाटते. ज्याला ओवाळायचं त्यालाच कापून पिंपात तेल भरायचं.

पण म्युझियममधल्या वाचनात सत्त्याऐंशीव्या प्रकरणाची पाळी आली तेव्हा हा संशय बाजूला ठेवावा लागला. चहूकडे शिकार चाललीय, मधे पाणी निवांत, आणि होडीतून वाकून पाहिलं तर खाली आया पिल्लांना पाजतायत. नुकतंच जन्मलेलं एक पिल्लू, अंगाला अजून वळ्या, नाळ तशीच लोंबतेय. वाचणाऱ्या आजोबांचा आवाज इथे हळू झाला.

नंतर मी पाय मोकळे करायला खाली गेले. तिथे ‘कोबो’ टांगलाय, छासष्ट फुटांचा निळ्या देवमाशाचा सांगाडा, वयाने पोरच. १९९८मध्ये जहाजाच्या धडकेत मेला. हाडांतून अजून तेल झिरपतं, ते गोळा करायला खाली चंबू लावलाय. तळाशी काळपट तपकिरी तेल साचलं होतं.