सिंदियाच्या पाठीवरची सेलोटेप : पट्टी निघाली, डाग अडला

सिंदिया स्टीम या जहाज कंपनीच्या जुन्या शेअर सर्टिफिकेटच्या पाठीवरची सेलोटेप एकदाची निघाली. डाग मात्र ठाण मांडून आहे आणि त्याने मला पार जेरीला आणलंय.

पट्टी अपेक्षेपेक्षा सोपी गेली. हेअर ड्रायर सगळ्यात मंद आचेवर, पातळ स्पॅट्युला कागदाला जवळजवळ समांतर, आणि घाई अजिबात नाही. पिवळं पडलेलं प्लास्टिक अखंड उचललं गेलं, कागदाचा एक तंतूही सोबत आला नाही. खाली उरलेला चिकटा क्रेप रबराने (चिकटा घासून उचलणारा खडबडीत रबरी ठोकळा) गोळ्या करकरून काढला. हे रबर ज्यांच्याकडे नाही त्यांनी आधी ते घ्यावं, महागडे इरेजर नंतर.

खरी गोची पुढे आहे. चिकटा कागदात मुरून मधासारखी तपकिरी, अर्धपारदर्शक पट्टी उरली आहे, आणि ती नेमकी हस्तांतराच्या रकान्यांवरून, जांभळ्या रबरी शिक्क्याला कापत गेली आहे. शिक्क्याच्या कडेच्या एका ठिपक्यावर अॅसिटोनचा टिपूस ठेवला, वर ब्लॉटिंग दाबला, तर ब्लॉटिंगवर लगेच जांभळी छटा. स्पिरिटचंही तेच. पांढऱ्या पेट्रोलला शिक्का ढिम्म हलला नाही, पण डागही नाही! जुना चिकटा हवेने ऑक्सिडाइज होतो, मग तो पेट्रोलजातीच्या द्रावकांना दाद देत नाही, अॅसिटोन-स्पिरिटलाच देतो. शिक्क्याच्या शाईलाही नेमके तेच द्रावक विरघळवतात. म्हणजे डागाचं औषध तेच शिक्क्याचं विष.

शिक्क्यापासून लांबच्या भागात मात्र अॅसिटोनने कमाल केली. खाली ब्लॉटिंग, वरून कापसाचा बोळा, दर वेळी ब्लॉटिंगची कोरी जागा. तपकिरी रंग फिक्या चहाइतका उतरला. (खिडक्या उघड्या, गॅस बंद. हे दर वेळी लिहिणार, कंटाळलात तरी.) रेव्हेन्यू स्टॅम्पच्या आसपास द्रावक आणि पाणी दोन्ही वर्ज्य.

आता शिक्क्याखालच्या तुकड्याचं काय? त्याला मेण लावून झाकावं आणि कडेने काम करावं, असा बेत होता. पण लिहिता लिहिताच बेत बदलतोय. त्या रकान्यांत वेगवेगळ्या हातांची अक्षरं आहेत, हस्तांतर क्रमांक आहेत, कारकुनाची सही आहे. पुढची बाजू छापखान्याची, नाव-क्रमांक सोडले तर ती त्या मालिकेच्या प्रत्येक कागदावर सारखीच. शेअर कुणाकडून कुणाकडे गेला ते फक्त पाठ सांगते. कंपनी १९१९ची, वालचंद हिराचंदांचा त्यात मोठा वाटा, आणि तिचं ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ला मुंबईहून लंडनला निघालं म्हणून त्या तारखेला राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. असल्या कागदाची पाठ स्वच्छ करण्याच्या नादात पुसली, तर उरतं काय? तेव्हा डाग राहू दे. विकताना ‘अनक्लीन्ड’ (डाग न काढलेला) असा शेरा पडला आणि किंमत उतरली तर उतरो.

हे ठरल्यावर सर्टिफिकेट चौकटीत लावायचा विचारही गेला. पाठ दिसायला हवी, म्हणून दोन्ही बाजूंनी पारदर्शक पॉलिएस्टरचं पाकीट. बाजारात ‘फोटो-सेफ’ म्हणून मिळणारी बरीच पाकिटं पीव्हीसीची, म्हणजे कागदाला घातक प्लास्टिकची, निघतात, उघडताच नव्या रेनकोटचा वास येतो. तांब्याची तार तापवा, पाकिटाच्या तुकड्याला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर माल परत. मी नेहमी ज्याच्याकडून घेतो त्या विक्रेत्याचा ताजा गठ्ठा याच चाचणीत नापास झाला. त्याला कळवलंय, उत्तर नाही.

एक किरकोळ आनंद : टेबललॅम्प अगदी आडवा ठेवून फोटो काढला, तर सपाट झालेला उठावाचा शिक्का असा उमटला की कडेची अक्षरंसुद्धा वाचता आली. आता माझ्याकडच्या सगळ्या गिरण्यांच्या शेअर सर्टिफिकेटांचे असेच फोटो नव्याने काढणार.

डिमॅटसाठी ‘सरेंडर्ड’ लिहून बाद केलेले कागद कुणी रद्दीत टाकत असेल तर मला आधी विचारा, त्यांच्याही पाठी मला हव्या आहेत. आणि फाटलेल्या घडीला लावायचा पातळ जपानी टिश्यू संपत आलाय. कुणी मागवणार असेल तर माझंही नाव घाला. गव्हाची खळ मी घरीच शिजवतो, ती नको.