तुम्ही विचारलंत म्हणून: ऑटिझम की मतिमंद?

"ताई, तुमच्या लेकराला ऑटिझम आहे का ते मतिमंद आहे?" परभणीत हे मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, भाजीच्या गाड्यापाशी विचारतात. गेल्या आठवड्यात गंगाखेडहून एका आईचा फोन आला. "आमच्या लेकीला दोन्ही हाय म्हणतेत. कागदावर कोणतं लिहून घेऊ वो?" तिला फोनवर धड सांगता आलं नाही, ते इथे लिहिते.

दोन्ही. माझ्या मुलालाही दोन्ही आहे. तो आता १४ वर्षांचा आहे.

दुसरा शब्द मी बरीच वर्षं गिळला. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, म्हटलं की लोक म्हणतात, अशी मुलं आतून फार हुशार असतात. मतिमंद म्हटलं की त्यांचा आवाज खाली येतो. तशी हुशार मुलं आहेतच. पण अमेरिकेत २०२० साली ८ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलांची जी पाहणी झाली, तिच्यात बुद्ध्यंकाची नोंद असलेल्या मुलांपैकी सुमारे ३८ टक्क्यांना बौद्धिक अक्षमताही होती, म्हणजे लोक ज्याला मतिमंद म्हणतात ते. आमचं लेकरू जगावेगळं नाही, हे मला तो आकडा वाचून पटलं.

दोन्ही आहे हे ओळखायचं कसं, ते मला सिकंदराबादला कळलं. मुलगा ५ वर्षांचा असताना देवगिरी एक्सप्रेसने आम्ही तिथल्या बौद्धिक अक्षमतेच्या राष्ट्रीय संस्थेत गेलो होतो. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, याची समज साधारण दोन वर्षांच्या मुलाएवढी आहे. मग त्यांनी विचारलं, दोन वर्षांचं लेकरू चांदोबा दिसला की काय करतं? बोट दाखवतं, आणि आईनं पाहिला का म्हणून वळून तिच्याकडे बघतं. माझ्या मुलाने कधी बोट दाखवलं नव्हतं. काही हवं असलं की माझं मनगट धरून तो मला डब्याकडे ओढत न्यायचा. नुसती समज कमी असलेलं मूल आपल्या समजेच्या मापाने माणसांत मिसळतं. मिसळणं त्या मापाहूनही मागे असेल, तर ऑटिझमही आहे. वयाशी तुलना करत बसलो असतो तर हे दिसलंच नसतं.

आणि हे दिसणं गरजेचं होतं, कारण आम्ही दोन दारांतून परत आलो होतो. मतिमंद मुलांच्या एका शाळेत सांगितलं, "हा ऑटिझमचा आहे, आम्हाला आवरायचा नाही." ऑटिझमच्या एका केंद्रात सांगितलं, "याची समज फार कमी आहे, आमच्या पद्धतीत बसणार नाही." ते आठवलं की आजही माझा गळा दाटतो.

घरी शिकवताना मात्र दोन्ही गोष्टी एकत्रच धराव्या लागतात. माठातून पाणी घ्यायला शिकवायला आम्हाला सात महिने लागले. झाकण काढायचं, ओगराळं बुडवायचं, पेल्यात ओतायचं, झाकण ठेवायचं. आधीच्या सगळ्या पायऱ्या मी करायची, शेवटचं झाकण फक्त त्याने ठेवायचं. ते जमल्यावर ओतणं आणि झाकण ठेवणं त्याचं. असं मागून पुढे येत गेलो. समज कमी म्हणून एकेक पायरी शेकडो वेळा घटवावी लागली. ऑटिझम म्हणून पायऱ्यांची चित्रं भिंतीवर लावली, पेला एकच ठेवला, क्रम कधी मोडला नाही. मग आजोळी गेलो. तिथे माठ नाही, रांजण आहे. तो रांजणापुढे तहानलेला उभा राहिला. रांजणासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. यातला एकच शब्द धरून चालले असते, तर एक तर मी घाई केली असती, नाही तर नुसती चित्रं चिकटवत बसले असते.

म्हणून गंगाखेडच्या ताई, दोन्ही लिहून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. स्वमग्नता वेगळी आहे, बौद्धिक अक्षमता वेगळी आहे, आणि एकाहून जास्त दिव्यांगत्व असणं हाही त्यातलाच एक प्रकार आहे. फिट येते का, एकटक बघत राहते का, हेही डॉक्टरांना आपणहून सांगा. ही दोन्ही असलेल्या मुलांत फिटचं प्रमाण जास्त असतं.

तपासणीला नेताना लेकीची झोप झालेली असू द्या, पोट भरलेलं असू द्या. ती बोलत नसेल तर बोलून उत्तरं द्यायच्या चाचणीवरच तिची समज ठरवू देऊ नका. माझ्या मुलाने लाकडी पाटातले आकार झरझर बसवले होते, पण एकाचंही नाव त्याला सांगता आलं नव्हतं.

आणखी एक तपासणी आईला विचारून भरतात. हाताने जेवतो का, कपडे घालतो का, शौचाचं सांगतो का. पहिल्या वेळी मी "हो, जेवतो की हाताने" म्हणाले. घरी भरवत मीच होते. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "काल रात्री काय खाल्लं, कसं खाल्लं, तेवढंच सांगा." मग मी सांगितलं, भाकरी दुधात कुस्करून मीच भरवली.