रविवारची लांब ओळ

दोष मोजायच्या वहीत आज दुपारी चार टिंबं, रात्री सात.

चर्चमध्ये शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या चरित्राचा भाग, वाचायला सुरुवात झाली आणि ती आली, उशिरा. नेहमीसारखीच. मी वळून पाहिलं, मग घड्याळात पाहिलं, आणि मला बरं वाटलं. राग आला असता तर कळलं असतं. पण बरं का वाटावं? मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, आधी तासभर येऊन फुलं मी लावायची, वेदीवरचं कापड इस्त्री करून मी आणायचं, आणि आजवर कुणी एका शब्दाने... जाऊ दे. ते आज नको. आज प्रश्न त्या बरं वाटण्याचा आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ पाहणाऱ्याच्या स्वतःच्या डोळ्यात मूळ ग्रीकमध्ये घराची तुळई आहे. आपल्याकडे तिचं मुसळ झालं, कुसळाशेजारी ते चपखल बसलं, आणि इतकं तोंडात रुळलं की टोचेनासं झालं. मुसळ डोळ्यात असतं तेव्हा दुखायला हवं ना? माझं दुखत नव्हतं. उलट बरं वाटत होतं.

माझी ही वही येशूसंघ स्थापणाऱ्या संत इग्नाती लोयोलांच्या पद्धतीची. त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला 1548 साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली, त्यातच ही आखणी आहे. आठवड्याच्या सात दिवसांना प्रत्येकी दोन ओळी. वरची दुपारच्या जेवणानंतर भरायची, खालची रात्रीच्या. रविवारची ओळ सगळ्यात लांब, पुढच्या दिवसांच्या आखूड होत जातात, कारण टिंबं कमी होत जावीत ही आशा. सकाळी उठताच ठरवायचं की आज या एका दोषावर लक्ष. मग दिवसाचा तास-तास आठवून जितक्यांदा घसरलो तितकी टिंबं. आणि घसरल्याक्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही ते कुणाच्या लक्षात येत नाही. आज चर्चमध्ये माझा हात छातीवर गेला नाही. बरं वाटत होतं ना, मग कसा जाईल?

दोष निवडताना एक चूक हमखास होते. ‘कुणाला दोष देणार नाही’ असं ठरवलं की मोजायला काही हाती लागत नाही. ‘उशिरा येणाऱ्याकडे वळून पाहणार नाही’ हे मोजता येतं. दुसरी चूक म्हणजे टिंबाशेजारी समोरच्याचं नाव लिहिणं. महिनाभरात ती वही आपली राहत नाही, समोरच्याच्या अपराधांची होते. आणि अंथरुणात पडून तपासणी करू नये, दिवसाचा तिसरा तास आठवेपर्यंत डोळा लागतो. बसून दहा-बारा मिनिटं पुरतात.

चुकीला चूक म्हणणं म्हणजे दोष लावणं नव्हे, हे मला मान्य आहे. मुसळ काढल्यावर कुसळ काढायलाही प्रभूने सांगितलंच आहे, आणि अठराव्या अध्यायात म्हटलंय की आधी एकट्याने जा, दोघांतच बोला. मी गेले का? नाही. घरी येऊन मात्र चौघांना सांगितलं. रात्रीची सात टिंबं तिथली आहेत.

त्याच अध्यायात पुढे कर्जदार चाकराचा दाखला आहे. त्याला दहा हजार तलांत माफ झाले होते, आणि त्याने सोबत्याचा गळा धरला तो शंभर दिनारांसाठी. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एका तलांताचे साधारण 6 हजार दिनार, म्हणजे माफी झाली 6 कोटी दिवसांच्या मजुरीची. वर्षाला 300 दिवस काम धरलं तरी 2 लाख वर्षं. आज पेन घेऊन गुणाकार केला आणि थांबले ते मोठ्या आकड्यापाशी नाही, लहान आकड्यापाशी. शंभर दिनार म्हणजे तीन महिन्यांहून जास्तीची कमाई. ती रक्कम खोटी नव्हती. प्रभू ते येणं क्षुल्लक आहे असं कुठेही म्हणत नाही. म्हणजे माझी फुलं, ती इस्त्री, तो तासभर, हे शंभर दिनार खरेच आहेत. खरे असूनच सोडायचे आहेत. हे कळल्यावर जरा सैल झाले. रडूही आलं थोडं, ते असो.

मग वही परत उघडली. इग्नातींच्या तपासणीत पाच पायऱ्या आहेत: उपकार मानणं, प्रकाश मागणं, दिवस तपासणं, क्षमा मागणं, सुधारायचा निश्चय करणं. उपकार पहिले आहेत ते उगाच नाही. ते गाळले की तपासणीची फिर्याद होते, आधी आपल्यावर आणि लगेच दुसऱ्यावर. दुपारी मी ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ म्हणून ती पायरी उरकली होती. सगळ्यासाठी म्हटलं की कशासाठीच म्हटलं जात नाही. वस्तू, माणूस, वेळ, नेमकं आठवावं लागतं.

म्हणून आता नेमकं लिहिते. निशिगंध उकाड्यातही मिस्सा संपेपर्यंत टवटवीत राहिला. विहिरीला पाणी आहे. मिस्सेनंतर फुलांची भरलेली बादली बाहेर नेताना कडी तळहातात रुतत होती, तेव्हा कुणीतरी मागून येऊन आपल्या रुमालाची घडी कडीखाली सरकवली आणि दुसऱ्या बाजूने हात लावला.

तीच होती. रुमाल अजून माझ्याकडेच आहे, धुऊन दोरीवर घातलाय.