'ए'ची पाटी

आमच्या दुकानाच्या पाटीवर एक चूक वीसेक वर्षं तांबड्या ठळक अक्षरांत उभी होती. इंग्रजीत 'स्टेशनरी' रंगवताना पेंटरनं 'ई'च्या जागी 'ए' काढला होता. वह्या-पाकिटांची स्टेशनरी 'ई'ची. 'ए' घातला की अर्थ होतो, जागचं न हलणारं. म्हणजे आमची पाटी वाचायची ती अशी : 'स्थिर, कटलरी अँड जनरल स्टोअर्स'.

खडूचं खोकं न्यायला आलेल्या इंग्रजीच्या सरांनी ते दाखवून दिलं. "एन्व्हलपचा ई, एवढं लक्षात ठेवा." बाबा सुटे मोजत म्हणाले, "बरोबरच आहे की, सर. दुकान कुठं हलतंय?"

पुढे शब्दकोश चाळताना कळलं, बाबा थेट मुळाशीच गेले होते. मध्ययुगीन युरोपात कितीतरी विक्रेते गावोगाव फिरत. विद्यापीठाजवळ ठाण मांडून बसलेला पुस्तकवाला तो स्टेशनर. लंडनमध्ये त्यांचा संघ १४०३ सालीच झाला. बोलोन्या, पॅरिसकडे हे लोक हस्तलिखितांचे सुटे भाग विद्यार्थ्यांना नकलून घ्यायला भाड्यानं देत. तर दोन्ही स्टेशनऱ्या एकाच लॅटिन घरातल्या. वाटणी झाली ती स्पेलिंगात.

देवनागरीत ही भांडणं कधी मिटतात, कधी उलट स्वच्छ दिसतात. शाळेचे प्रिन्सिपल आणि तत्त्वाचं प्रिन्सिपल इथे सारखेच. (इंग्रजीत सरांच्या शेवटी 'एएल', तत्त्वाच्या शेवटी 'एलई'.) पण डेझर्ट म्हणजे वाळवंट आणि डिझर्ट म्हणजे जेवणानंतरचं गोड, हे आपली वेलांटी बरोब्बर सांगते. सल्ला तो ॲडव्हाइस, देणं ते ॲडव्हाइझ. 'लूज'ची गंमत मात्र आपणच केलेली. सैल शर्टाला आपण 'लूज' म्हणतो, खरा उच्चार 'लूस'. 'लूझ' म्हणजे हरवणं. मग लिहिताना एक 'ओ' की दोन, हा घोळ होणारच. सैलाला दोन, हरवण्याला एक. एक हरवला म्हणून एक, असं मी मनाशी म्हणते.

सगळ्यात चिवट जोडी बॉरो आणि लेंड. गल्ल्यावर येणारा मुलगा हमखास इंग्रजी झाडायचा, "बॉरो मी अ पेन्सिल." त्यात त्याची काय चूक? आपल्याकडे उसनं एकच. घेतलं तरी उसनं, दिलं तरी उसनं. दिशा सांगायला क्रियापद असतं. इंग्रजीत मात्र घेणाऱ्यानं बॉरो करायचं आणि देणाऱ्यानं लेंड. बाबांना यातलं फक्त लेंड येत होतं, उधारीच्या वहीत पानोपानी.

गेल्या वर्षी भावानं फ्लेक्स लावला. कॉम्प्युटरवाल्यानं 'ई' बिनचूक घातलाय. खाली 'कटलरी' तशीच आहे. आमच्याकडे आजवर एक सुरी-काटा विकला गेलेला नाही. टिकल्या, बांगड्या आणि केसांच्या पिना मात्र ढिगानं.